स्वीडनमध्ये कधीच न राहिलेले स्वीडिश : गम्मलस्वेन्स्कब्यू आणि इतर

उत्तरवारा

(संपादन : चौथ्या परिच्छेदातला एक शब्द बदलला आहे. कारण खाली चर्चेत आहे.)

गेल्या उन्हाळ्यात एस्टोनियातल्या हिउमा बेटावर गेलो होतो. मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहतो, त्यामुळे बाल्टिक ओलांडायला फार सायास पडत नाहीत. बेटावर रेइगी गावाजवळ पाइनच्या झाडीत वाळूची एक टेकडी आहे. नाव रिस्तिमॅगी, म्हणजे क्रुसांची टेकडी. बेटावर पहिल्यांदा येणाऱ्याने तिथे एक क्रूस उभा करायचा अशी रीत आहे. तो जागेवर मिळेल त्या काटक्यांचा, मुळ्यांचा, गवताचा करायचा. खिळा नको, तार नको. मी पाइनच्या दोन काड्या गवताने बांधल्या आणि रोवल्या. आजूबाजूला असे शेकडो क्रूस होते. काही ताजे, काही कुजून आडवे झालेले.

ही टेकडी कुणाच्या मरणाची खूण नाही, निघून जाण्याची आहे. ऑगस्ट १७८१ मध्ये बेटावरच्या स्वीडिश शेतकऱ्यांनी इथे शेवटची प्रार्थना केली असं सांगतात. सुमारे हजार माणसं होती. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक स्वतःला मोकळे शेतकरी मानत. स्वीडिश राजांच्या काळात मिळालेले हक्क त्यांच्या तोंडपाठ होते. पण बेट रशियाकडे गेलं, जमीनदाराशी भांडण लागलं, आणि शेवटी ही माणसं जमिनीवाचून उरली. सम्राज्ञी कॅथरीनने तुर्कांकडून नुकताच जिंकलेला दक्षिणेकडचा गवताळ मुलूख वसवायला घेतला होता. तिथे जमीन देऊ, घरं देऊ, असा सांगावा आला आणि बेटावरची माणसं बैलगाड्या जोडून निघाली.

हिउमा ते युक्रेनमधल्या नीपर नदीचा खालचा काठ हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटर भरतं. वाटेत हिवाळा गाठला. म्हातारे आणि मुलं रस्त्यातच गेली. मे १७८२ मध्ये नदीकाठी पोचले तेव्हा कबूल केलेल्या घरांचा पत्ता नव्हता, नुसतं उंच गवत आणि वारा. मग रोगराई. चर्चच्या नोंदीप्रमाणे मार्च १७८३ मध्ये त्या हजारांपैकी १३५ जण जिवंत होते.

या १३५ जणांनी गाव वसवलं. त्याचंच पुढे नाव पडलं गम्मलस्वेन्स्कब्यू, म्हणजे जुनं स्वीडिश गाव. आज ते युक्रेनच्या खेरसोन प्रांतातल्या झ्मिइव्का गावाचा भाग आहे. दीडशे वर्षं ते हिउमाची स्वीडिश बोली बोलत राहिले, आणि १९२९ साली त्यांच्यातले जवळजवळ नऊशे जण स्वीडनला पोचले.

मला या लोकांचं फार अप्रूप आहे. तीन पिढ्यांपूर्वीची आपली भाषा कशी होती हे सहसा कुणाला माहीत नसतं. आणि यांनी शाळा, राजा, वर्तमानपत्र यांपैकी कशाचाही आधार नसताना ती जपली. धागा काढण्याचं कारण हेच. स्वीडिश लोक मुळात कोण, आणि स्वीडनबाहेर त्यांचे कोणकोणते समाज राहिले, यावर ज्यांना जे ठाऊक आहे ते लिहा.

शेवंती

हजारातून १३५... वाचून गलबललं. वाचनखूण साठवली आहे.

एक प्रश्न. हे लोक मुळात एस्टोनियाच्या बेटावर आले कसे? आणि "स्वीडिश" ही ओळख किती जुनी? मी शाळेत व्हायकिंग एवढंच शिकले.

उत्तरवारा

शेवंतीताई, आधी बेटाचं. बाराव्या-तेराव्या शतकांपासून स्वीडिश किनाऱ्यावरचे आणि फिनलंडच्या किनाऱ्यावरचे मासेमार-शेतकरी एस्टोनियाच्या बेटांवर आणि पश्चिम किनाऱ्यावर वस्ती करू लागले. हाप्सालू गावच्या १२९४ सालच्या कायद्यात त्यांचा उल्लेख आहे. व्होर्म्सी, रुह्नू, पाक्री, नोआरोत्सी ही त्यांची ठिकाणं. ते स्वतःला "आइबोफोल्क" म्हणत, म्हणजे बेटकरी.

आता ओळखीचं. रोमन लेखक टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास "सुइओनेस" नावाच्या लोकांबद्दल लिहिलं आहे. त्यांची जहाजं दोन्ही टोकांना सारखी निमुळती, असं तो सांगतो. हेच पुढचे स्वेआर. स्टॉकहोमजवळच्या मेलारेन सरोवराच्या आसपास ते राहत, आणि त्यांच्या दक्षिणेला येओतार. स्वेआरांचं राज्य, "स्वेआ रिके", यावरून स्वीडनचं स्वतःचं नाव पडलं "स्वेरिये". पण सगळ्यांनी मिळून आपण एक, असं म्हणायला मध्ययुग उजाडावं लागलं. गॉटलंड बेटाचे लोक कितीतरी काळ आपली वेगळी भाषा आणि वेगळा कायदा सांभाळून होते.

यात एक नाव मला सगळ्यात जास्त आवडतं. फिनिश भाषेत स्वीडनला म्हणतात "रुओत्सी", एस्टोनियनमध्ये "रोत्सी". भाषाभ्यासकांपैकी बहुतेकांच्या मते मूळ शब्द वल्हवण्याशी जोडलेला आहे. स्टॉकहोमच्या उत्तरेच्या किनाऱ्याला आजही रोसलागेन म्हणतात. हे वल्हवणारे पूर्वेच्या नद्यांत शिरले आणि तिथे त्यांना नाव मिळालं "रूस". इ.स. ८३९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाने पश्चिम युरोपातल्या फ्रँकांच्या राजाकडे काही माणसं पाठवली. ती स्वतःला "ऱ्होस" म्हणवत होती. चौकशी केल्यावर कळलं की ती स्वेआर आहेत. ही नोंद त्या काळच्या फ्रँकिश बखरीत आहे. म्हणजे शेजाऱ्यांनी एका लोकसमूहाला दिलेलं नाव भलत्याच, प्रचंड देशाला, म्हणजे रशियाला, चिकटलं.

जुनीनाणी

उत्तम धागा. थोडी भर.

नीपरच्या मुखाशी बेरेझान नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९०५ साली एका टेकाडात रूनलिपीतला (उत्तर युरोपातली जुनी लिपी) दगड सापडला. ग्रानीने आपला भागीदार कार्ल याच्यासाठी ही कबर केली, एवढाच मजकूर. अकराव्या शतकातला मानतात, आणि दगडाच्या घडणीवरून माणसं गॉटलंडची असावीत असं अभ्यासक सांगतात. त्याच नदीच्या काठी, जरा वरच्या अंगाला, सातशे वर्षांनी हिउमाचे शेतकरी येऊन थांबले. एकमेकांशी काही संबंध नाही, पण नकाशावर दोन्ही ठिकाणं पाहिली की अंगावर काटा येतो.

दुसरं, आपल्याकडच्या वाचकांसाठी. मेलारेन सरोवरातल्या हेल्ग्यो बेटावर १९५६ साली उत्खननात एक छोटी काशाची बुद्धमूर्ती सापडली. सहाव्या शतकातली, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातली, बहुधा स्वात खोऱ्यातली. त्याच ठिकाणी आयर्लंडमधल्या बिशपच्या दंडाची मूठ आणि इजिप्तकडची पळीही मिळाली. मूर्ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. कुणी हिंदुस्थानी तिथवर गेला असं यातून म्हणता येत नाही. मूर्ती दहा हातांतून फिरत गेली असेल. पण स्वीडिश किनारा जगापासून तुटलेला नव्हता हे नक्की.

रक्ताचं म्हणाल तर "शुद्ध" काही नाही. हिमयुगाचा बर्फ हटल्यावर आलेले शिकारी, त्यांच्यामागून सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी अनातोलियाकडचा वारसा घेऊन आलेले शेतकरी, आणि त्यानंतर गवताळ प्रदेशाचं रक्त असलेले गुराखी. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून हे तिन्ही थर दिसतात. उत्तरेला सामी लोक स्वीडिश राज्य तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

गोदाकाठ

लेख मनापासून आवडला, पण एका शब्दाला माझा आक्षेप आहे. तुम्ही लिहिलंय : "१९२९ साली जवळजवळ नऊशे जण मायदेशी परतले."

परतले कसे? हे लोक निघाले हिउमाहून. त्यांचे खापरपणजोबासुद्धा हिउमाचेच. त्यांच्यातला एकही माणूस, त्याच्या आठवणीतला एकही पूर्वज आजच्या स्वीडनमध्ये राहिलेला नव्हता. मग ज्या देशात आपण कधी नव्हतोच तिथे परत कसं जाता येईल? परतले म्हटलं की असं वाटतं, दीडशे वर्षं नीपरकाठी ते नुसते मुक्कामाला होते. त्यांनी तिथे जमीन फोडली, मुलं पुरली, द्राक्षं लावली. घर तेच होतं.

उत्तरवारा

विचार करायला लावणारा मुद्दा आहे. पण ते स्वतः काय म्हणत होते तेही बघायला हवं ना? स्वीडनला नेण्यासाठी अर्ज त्यांनीच केला होता. प्रार्थना स्वीडिशमध्ये, स्तोत्रांचं पुस्तक स्वीडिश, आणि १८८५ मध्ये बांधलेल्या त्यांच्या चर्चसाठी स्वीडन आणि फिनलंडमधून पैसे आले होते. आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वस्ती, पलीकडे जर्मन वसाहती. लग्नं बहुतेक गावातल्या गावात. आपण स्वीडिश आहोत हे त्यांना कुणी बाहेरून सांगावं लागलं नव्हतं.

वासावासी

मी सात वर्षं फिनलंडमध्ये वासा शहरात आहे. इथे स्वीडिश बोलणारे जवळजवळ पाव हिस्सा. गोदाकाठ यांच्या मुद्द्याला इथूनच बळ मिळतं म्हणून लिहितो.

फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले अंदाजे २ लाख ९० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. १८८० मध्ये चौदा टक्के होते. यांना "परदेशातले स्वीडिश" म्हटलेलं बिलकूल आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. सहाशेहून जास्त वर्षं फिनलंड हा स्वीडिश राज्याचाच भाग होता. १८०९ मध्ये रशियाने तो घेतला. माणसं हललीच नाहीत, त्यांच्या डोक्यावरून सीमा गेली.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली. ऑफिसातल्या एका स्वीडिशभाषक बाईंना विचारलं, "तुम्ही मूळच्या स्वीडनच्या का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आमचं घर याच किनाऱ्यावर चारशे वर्षं आहे." मग त्यांनीच मला शब्द शिकवले. त्यांच्या स्वीडिशमध्ये "फिने" म्हणजे फिनिश बोलणारा आणि "फिनलेंदारे" म्हणजे फिनलंडचा कुणीही नागरिक, भाषा कोणतीही असो. स्वीडनमधल्या माणसाला ते "रिक्सस्वेन्स्क" म्हणतात, म्हणजे पलीकडच्या राज्यातला. स्टॉकहोमला गेल्यावर तिथले लोक यांना म्हणतात, "वा, तुम्हाला स्वीडिश किती छान येतं!" ते ऐकून ही माणसं अजून दुखावतात. मातृभाषेबद्दल कुणी शाबासकी दिली तर काय वाटेल, विचार करा.

फिनलंडचं राष्ट्रगीत मुळात स्वीडिशमध्ये लिहिलं गेलं. संगीतकार सिबेलियसच्या घरची भाषा स्वीडिश होती, मूमिनच्या गोष्टी लिहिणाऱ्या तूवे यान्सोनची तीच, लिनक्सवाल्या लिनुस टोरवाल्ड्सचीही तीच. कायद्याने दोन्ही भाषा राष्ट्रभाषा आहेत. एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषा बोलणारे आठ टक्के किंवा तीन हजार असले की ती द्विभाषिक होते, आणि पाट्या, कागदपत्रं, दवाखाना सगळं दोन भाषांत चालतं. फिनिशभाषक मुलांना शाळेत स्वीडिश सक्तीची आहे. त्यावर इथे वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद चालतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं मला समजतं.

आणखी एक गंमत वाटेल अशी गोष्ट. इथून दक्षिणेला नेर्पेस नावाचं छोटं स्वीडिशभाषक गाव आहे. फिनलंडच्या टोमॅटोंपैकी निम्म्याहून जास्त तिथल्या काचघरांत पिकतात. कामाला व्हिएतनाममधून, बोस्नियातून माणसं आली. ती फिनलंडमध्ये येऊन स्वीडिश शिकली, कारण तिथे दुकानात, शाळेत, शेजारी तीच भाषा चालते. त्यांची मुलं नेर्पेसच्या बोलीत बोलतात. आता ही मुलं कुठल्या "मूळ लोकां"ची म्हणायची?

शेवंती

वासावासी, फारच सुंदर. ऑलंड बेटांबद्दलही सांगाल का? तिथे फिनिश चालतच नाही असं ऐकलंय.

वासावासी

हो, ऑलंडची अधिकृत भाषा फक्त स्वीडिश. वस्ती तीस हजारांच्या आसपास. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेलं आणि १९२१ मध्ये निर्णय झाला : बेटं फिनलंडची, पण भाषा आणि स्वायत्तता कायम. तिथला "रहिवास हक्क" असल्याशिवाय बाहेरच्याला सहजी जमीन घेता येत नाही. १८५६ पासून तिथे लष्करी तळ उभारायला बंदी आहे. हरलेल्या बाजूलाही पुढे शंभर वर्षं सुखाने नांदता येईल असा निकाल देता येतो, याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

पाऊलवाट

अमेरिकेचा कुणीच उल्लेख केला नाही म्हणून. १८५० ते १९३० या काळात जवळजवळ १३ लाख लोक स्वीडनहून उत्तर अमेरिकेला गेले. १९०० साली देशाची सगळी लोकसंख्याच ५१ लाख होती. १८६७-६८ चा दुष्काळ, तुकड्या-तुकड्यांची खडकाळ शेती आणि तिकडे स्वस्त जमीन. मिनेसोटात गावंच्या गावं वसली, शिकागो स्वीडिश वस्तीचं मोठं शहर झालं. पण भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजीशिवाय काही बोलणं संशयास्पद ठरलं, आणि १९२० च्या दशकात चर्चमधली प्रार्थनाही इंग्रजीत होऊ लागली. लाखांची भाषा टिकली नाही आणि १३५ जणांची टिकली, याचं कारण मला अजून नीट उमगत नाही.

उत्तरवारा

पाऊलवाट, माझ्या मते कारण असं. मिनेसोटातल्या मुलाला इंग्रजी शिकून नोकरी, शेजार, लग्न, सगळं मिळत होतं, आणि शेजारी बहुधा त्याच्यासारखाच प्रोटेस्टंट होता. गम्मलस्वेन्स्कब्यूच्या मुलाला भाषा सोडायची तर धर्म आणि गोतावळाही सोडावा लागला असता. शिवाय वाचायला आई शिकवायची, घरातल्याच स्तोत्रांच्या पुस्तकावरून.

आता १९२९ नंतरचं लिहितो, कारण गोदाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं मला दोन दिवस विचार केल्यावर वाटू लागलंय.

सोव्हिएत सरकारने जायची परवानगी दिली. काळ्या समुद्रातून बोट, मग युरोपभर रेल्वे, मग पुन्हा बोट, आणि १ ऑगस्ट १९२९ ला स्वीडनचं ट्रेलेबोर्ग बंदर. स्वागताला गर्दी होती. वर्तमानपत्रांनी "हरवलेली भावंडं" म्हणून डोक्यावर घेतलं. या लोकांची एकच इच्छा होती, सगळ्यांना एका ठिकाणी वसवावं, पुन्हा गाव करावं. ते झालं नाही. आधी त्यांना वेगवेगळ्या शेतांवर पाठवण्यात आलं, आधुनिक शेती शिकायला. पुढे बरेचसे गॉटलंडवर स्थिरावले, पण विखुरलेलेच. काही कॅनडाला गेले. ज्या गोष्टीने त्यांना दीडशे वर्षं स्वीडिश ठेवलं होतं, ते एकत्र राहणंच, स्वीडनमध्ये मिळालं नाही.

आणि मग सुमारे अडीचशे जण युक्रेनला निघून गेले. स्टालिनच्या राज्यात, स्वखुशीने. तिथे "लाल स्वीडिश गाव" या नावाने सामुदायिक शेत सुरू झालं. १९३२-३३ चा भीषण दुष्काळ त्यांनी तिथे भोगला. १९३७-३८ च्या धरपकडीत गावातले पुरुष उचलले गेले. १९४३ मध्ये मागे हटणाऱ्या जर्मन फौजांनी गावकऱ्यांना पश्चिमेकडे हलवलं. युद्ध संपल्यावर त्यांतले बरेच सोव्हिएतांच्या हाती लागले आणि श्रमछावण्यांत गेले. जे वाचले त्यांच्यातले काही पुन्हा त्याच गावी आले.

एस्टोनियातल्या भाऊबंदांचं तर वेगळंच झालं. १९३४ च्या जनगणनेत तिथे ७,६४१ स्वीडिश होते. १९४३-४४ मध्ये त्यांतले बहुतेक, सात हजारांच्या आसपास, समुद्र ओलांडून स्वीडनला गेले. रुह्नू बेट ऑगस्ट १९४४ मध्ये एकदम रिकामं झालं, फक्त दोन कुटुंबं राहिली. तिथलं १६४४ चं लाकडी चर्च अजून उभं आहे. सातशे वर्षांची वस्ती जवळजवळ एका वर्षात संपली. नीपरकाठचं गाव मात्र, इतकं सोसूनही, संपलं नाही.

२००८ मध्ये स्वीडनचे राजा-राणी गम्मलस्वेन्स्कब्यूला गेले होते. ती जुनी बोली बोलणाऱ्या काही म्हाताऱ्या बायका तेव्हाही होत्या. २०२२ मध्ये गाव रशियन फौजांच्या ताब्यात गेलं आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुटलं. नदीपलीकडून तोफा चालूच राहिल्या. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटलं आणि गावासमोरचा अथांग जलाशय ओसरला.

जुनीनाणी

धरण १९५० च्या दशकातलं. म्हणजे पाणी गेल्यावर नीपरचा जो काठ उघडा पडला, तो साधारण १७८२ मध्ये त्या लोकांनी पाहिला होता तोच.

गोदाकाठ

उत्तरवारा, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. त्या अडीचशे जणांबद्दल मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं : "परतणं" हा शब्द कुणासाठी वापरायचा तर तो त्यांच्यासाठी वापरा. ते खरोखर ज्या घरातून निघाले होते त्याच घरी गेले. आणि छावण्यांतून आले तेही तिथेच. बाकीच्यांतले बहुतेक स्वीडनमध्ये राहिले, त्यांनी तिथे नवं घर केलं. त्यांनाही मी कमी लेखत नाही.

शेवंती

मला दोघांचंही पटतंय. माझी आजी लग्नानंतर साठ वर्षं सासरच्या गावी राहिली, तरी माहेरच्या गावाला "आमच्याकडे" म्हणायची. पण तिला तिथे राहायला जायचं नव्हतं.

उत्तरवारा

गोदाकाठ, मान्य. धाग्यातला शब्द बदलला आहे. "मायदेशी परतले" काढून "स्वीडनला पोचले" केलंय. वरच्या शेवटच्या मोठ्या प्रतिसादातही अडीचशे जणांसाठी मी "निघून गेले" लिहिलं होतं. संपादनाची मुदत उलटल्यामुळे तिथे बदल करता येत नाही. वाचणाऱ्यांनी तिथे "परतले" वाचावं.